स्लीप बँड, एका सेमिस्टरनंतर

निकाल आधीच सांगून टाकते: पाचपैकी तीन. त्यातले दोन तारे मनगटावर थरथरणाऱ्या अलार्मला, आणि एक अशा आकड्याला जो कंपनीने अ‍ॅपच्या पार तळाशी नेऊन दडवलाय. ज्याच्या जोरावर हा बँड विकला जातो त्या रोज सकाळच्या ‘स्लीप स्कोर’ला माझ्याकडून भोपळा.

वस्तू म्हणजे स्क्रीन नसलेला, रात्रभर हातात घालून झोपायचा पट्टा. मी तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र, राहते हॉस्टेलवर, दोघींच्या खोलीत. हे सांगायला हवं, कारण या बँडबद्दलची बहुतेक परीक्षणं ठरावीक वेळी ऑफिसला जाणाऱ्या किंवा पळायला जाणाऱ्या लोकांनी लिहिलेली असतात. आमची रात्र घड्याळावर चालत नाही, सबमिशनच्या तारखेवर चालते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रूममेटचा बँड वेगळ्या कंपनीचा आहे आणि माझ्या जवळजवळ सगळ्या तक्रारी तिच्याही आहेत, तेव्हा हे एका मॉडेलपेक्षा या जातीच्या वस्तूचंच परीक्षण समजा.

बाहेरच्या गोष्टी पटकन उरकते. पट्टा विणलेल्या कापडाचा आहे, झोपेत टोचत नाही. ओला राहिला तर खाज सुटते, म्हणून आंघोळीला जाताना काढून चार्जिंगला लावायचा. अलार्म रोज वापरला तर बॅटरी खोक्यावर लिहिलंय तितकी टिकत नाही, पण त्याने फारसं अडत नाही. चार्ज संपत आल्याचा इशारा मात्र हटकून झोपायच्या वेळी फोनवर येतो, आणि झोपायच्या वेळी फोन लांब ठेवा असं हेच अ‍ॅप बजावत असतं.

आता मुद्द्याचं. हा बँड झोप मोजतो असं आपण म्हणतो, पण त्याला कळतात दोनच गोष्टी: हात हलतोय का आणि नाडी कशी चाललीय. हालचाल टिपणारा एक छोटा सेन्सर आत असतो. खालचा हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ठोके काढले जातात. बाकी सगळा अंदाज. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूच्या लहरी नोंदवतात, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताणही बघतात, तेव्हा कुठे गाढ झोप किती आणि स्वप्नांची, म्हणजे रेम झोप किती हे ठरतं. असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये रेम झोपेचा शोध जाहीर केला तोही मिटलेल्या पापण्यांमागे डोळे भरभर फिरताना टिपून. मनगटाला यातलं काहीही दिसत नाही.

एका रात्री मी रूममेटचा बँड मागून घेतला आणि दोन्ही हातांत दोन बँड घालून झोपले. झोपायची आणि उठायची वेळ दोघांनी जवळपास सारखीच सांगितली. गाढ झोपेच्या बाबतीत मात्र एकाने शाबासकी दिली आणि दुसऱ्याने ‘कमी आहे, लक्ष द्या’ असा पिवळा त्रिकोण दाखवला. डोकं एक, रात्र एक, उशी एक. तेव्हापासून गाढ झोपेच्या निळ्या पट्ट्यांकडे मी बघत नाही.

दुसरी उणीव जास्त त्रासाची आहे. न हलता पडून राहिलं की बँडच्या लेखी आपण झोपलो. अंथरुणात आडवं होऊन रील्स बघत असताना फक्त अंगठा हलतो, आणि तोही दुसऱ्या हाताचा असेल तर बँड खुशाल ‘हलकी झोप’ लिहून मोकळा होतो. म्हणजे ज्या वाईट सवयीसाठी आम्हा लोकांना पकडायला हवं, नेमकी तीच झोपेच्या खात्यात जमा होते. लायब्ररीत टेबलावर डोकं ठेवून काढलेली डुलकी मात्र हिशेबातच नाही. फार छोटी असली तर ती सरळ गायब. कॉलेजातल्या माणसाची बरीचशी झोप अशीच तुकड्यातुकड्यांत होते हे बनवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

यावर तो स्कोर उभा आहे. शंभरपैकी. रोज सकाळी डोळे उघडले की पहिली गोष्ट म्हणजे गुणपत्रिका. आधीच आमच्या आयुष्यात गुणांची काय कमी आहे! इंटर्नलचे गुण, जर्नलचे गुण, आता झोपेचे. सुरुवातीचे काही आठवडे मी ताजीतवानी उठायचे, स्कोर बासष्ट दिसायचा आणि अंग जड व्हायचं. रूममेट एकदा म्हणाली, “तू रात्री छान झोपली होतीस. बँड बघितल्यावर दमलीस.” झोपेच्या आकड्यांच्या काळजीने झोप उडणं हा प्रकार इतका दिसायला लागला की काही संशोधकांनी २०१७ मध्ये त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच दिलं. परीक्षेच्या आदल्या रात्री हा स्कोर म्हणजे तर छळ आहे. सकाळी पेपर, रात्री कूस बदलून बदलून झोपलेली मी, आणि अ‍ॅप म्हणतंय: ‘आज तुमची एकाग्रता कमी राहील, जमल्यास विश्रांती घ्या.’ व्हायवा घेणाऱ्या सरांना हे दाखवू का?

गंमत म्हणजे त्या एका रात्रीचा एवढा बाऊ करायचं कारणच नाही. आणि हे ज्या अभ्यासातून दिसलं, त्यातही अशाच जातीचे मनगटी बँड वापरले होते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रसायनशास्त्राच्या एका प्राथमिक कोर्सच्या १०० विद्यार्थ्यांना सेमिस्टरभर घालायला बँड दिले गेले. मुळात जेफ्री ग्रॉसमन या प्राध्यापकांना व्यायाम आणि गुणांचं नातं शोधायचं होतं. ते काही सापडलं नाही, झोपेचं सापडलं. २०१९ मध्ये छापून आलेल्या निबंधात ८८ जणांची माहिती वापरली आहे. जे जास्त झोपले, नीट झोपले आणि रोज साधारण सारखे झोपले त्यांचे गुण चांगले होते. या तिन्ही गोष्टी मिळून गुणांतल्या चढउतारापैकी जवळपास २५ टक्के भाग समजावून सांगत होत्या. आमच्या विषयात माणसांच्या वागण्याबद्दल एवढा आकडा हाती लागला की लोक तो दोनदा तपासून बघतात. आणि परीक्षेच्या नुसत्या आदल्या रात्रीची झोप? तिचा गुणांशी संबंध दिसला नाही. संबंध होता तो परीक्षेआधीच्या आठवड्याचा आणि महिन्याचा, म्हणजे ज्या काळात तो विषय शिकून होत होता त्या दिवसांचा.

यामागचं कारण तसं जुनं आहे. जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करून घेतले होते. पाठांतरानंतर झोपले तर कमी विसरायचे, जागे राहिले तर जास्त. शिकलेलं पक्कं करायचं बरंचसं काम मेंदू झोपेत उरकतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात जास्त असते, रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. तीनला झोपून सातला उठणारा माणूस झोपेच्या या शेवटच्या भागातलं बरंचसं गमावतो. सोमवारी शिकवलेल्या प्रमेयाची झोप सोमवारी रात्रीच हवी असते; पेपरच्या आदल्या दिवशी एकदम दहा तास झोपून ती भरून निघत नाही. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. सेमिस्टरभर नाइट मारायच्या आणि शेवटच्या रात्री ‘आज मात्र लवकर झोपायचं हं’ असा संकल्प सोडायचा.

मग या बँडमध्ये कामाचं काय आहे? वेळा. कधी झोपलो आणि कधी उठलो. हेच ते एकमेव, ज्यावर दोन कंपन्यांच्या दोन बँडांचं एकमत झालं होतं. आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत कदाचित सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. हार्वर्डच्या ६१ विद्यार्थ्यांनी महिनाभर झोपेची डायरी लिहिली, त्यावरचा निबंध २०१७ मध्ये आला. सगळ्यात अनियमित झोपणारे आणि सगळ्यात नियमित झोपणारे यांच्या झोपेचे सरासरी तास फारसे वेगळे नव्हते! फरक होता गुणांमध्ये, आणि शरीराच्या घड्याळात. अनियमित मंडळींच्या शरीरात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, पाझरायला सुरुवात होण्याची वेळ अडीच तासांहून जास्त पुढे ढकललेली होती. म्हणजे सकाळी नऊच्या लेक्चरला ते बसत असतील, पण त्यांच्या शरीराच्या हिशेबाने तेव्हा साडेसहाही वाजलेले नसतात.

हे माहीत असणाऱ्या कुणीही अ‍ॅप बनवलं असतं तर पहिल्या पानावर एकच आलेख ठेवला असता: महिनाभराच्या झोपायच्या आणि उठायच्या वेळा, एकाखाली एक. माझ्या अ‍ॅपमध्ये तो आहे. ‘ट्रेंड्स’मध्ये जायचं, तिथे आठवड्याऐवजी महिना निवडायचा, खाली सरकत राहायचं, श्वासाचा वेग आणि कातडीचं तापमान ओलांडायचं, मग एक करड्या रंगाची पट्टी दिसते, ‘नियमितता’. तिला ना रंग ना सूचना. शंभरातल्या स्कोरमध्ये तिचा वाटा नावापुरता.

शेवटी मी डेटाच उतरवून घेतला. ही सोय आहे, आणि फुकट आहे, त्याबद्दल कंपनीला मनापासून श्रेय. सीएसव्ही फाइल ईमेलवर येते, तारखांचा नमुना जरा विचित्र आहे, पण एक्सेलमध्ये दहा मिनिटांत सरळ होतो. दोन रेघा काढल्या. सोमवार ते शुक्रवार बरी दिसणारी मी शनिवार-रविवारी तीन-तीन तास पुढे सरकत होते आणि सोमवारी धाडकन परत. दर आठवड्याला स्वतःला असं दुसऱ्या देशात नेऊन आणण्याला झोपेचे अभ्यासक टिल रोनबर्ग आणि त्यांचे सहकारी ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात. सोमवारचं पहिलं लेक्चर मला कायम कंटाळवाणं का वाटायचं याचं उत्तर त्या आलेखात होतं. विषय रिग्रेशन होता, आणि रिग्रेशन मला आवडतं.

इथे अलार्मची गोष्ट येते. तो मनगटावर थरथरतो, आवाज नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना याची किंमत सांगायला नको. रूममेटची बॅच दुपारची, माझी सकाळची. आधी माझ्या फोनचा अलार्म वाजला की आधी ती उठायची, मग मला उठवायची, मग दिवसभर धुसफूस. आता मी उठून निघून गेलेली तिला कळतही नाही. सुट्टीच्या दिवशीही तोच अलार्म, फार तर तासभर पुढे. रात्रीची वेळ पाळणं आमच्या हातात नसतं, सकाळची बरीचशी असते. उठायची वेळ एकदा खिळ्याने ठोकली की रात्रीची आपोआप मागे सरकते, कारण दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि वेळ झाली की तेच डोळे मिटायला लावतं. ‘स्मार्ट अलार्म’ नावाचा पर्याय मात्र बंद ठेवा. तो हलकी झोप शोधून अर्धा तास आधी कधीही उठवतो. म्हणजे ज्या अंदाजावर विश्वास नाही, त्याच्या भरवशावर जी वेळ पक्की हवी तीच हलवायची.

बेडटाइम रिमाइंडर निरुपयोगी. असाइनमेंट अपलोड होत असताना ‘आता दिवे मंद करा’ असं वाचून फक्त हसू येतं. कॅफीनची नोंद हाताने करावी लागते आणि कुणीही करत नाही, पण त्या पानावरची सूचना बरोबर आहे. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही तासाहून जास्त झोप खाल्ली, असं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. साठलेलं ॲडेनोसिन कुठे जात नाही. एवढ्यासाठी बँड लागत नाही. मित्रांबरोबर झोपेची स्पर्धा लावायची सोयही आहे. आमच्या ग्रुपवर ती सुरू झाली आणि सबमिशनच्या आठवड्यात आपोआप मेली.

“मला सहा तास पुरतात” म्हणणारे प्रत्येक वर्गात असतात, आणि अशांसाठी मात्र हा बँड मी आग्रहाने सुचवीन. व्हॅन डाँगन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांना १४ दिवस रोज सहा किंवा चारच तास झोपू दिलं. रोज घेतलेल्या चाचण्यांमध्ये त्यांचं लक्ष उतरत गेलं, इतकं की शेवटी दोन अख्ख्या रात्री जागलेल्या माणसाच्या जवळपास पोचलं. त्यांना स्वतःला विचारलं तर झोप येतेय असं काही दिवसांनंतर फारसं वाटेनासंच झालं होतं. आपल्याला पुरतंय की नाही हे ठरवायला ज्या डोक्याचा भरवसा, तेच डोकं थकलेलं. शिवाय हे लोक सहा म्हणतात तेव्हा ते खरंच सहा असतात का हाही प्रश्न आहे. अंथरुणात रील्स बघत पडलेले तास झोपेत धरणारा हा उदार बँडसुद्धा आमच्या वर्गातल्या एकाला पाच तास दाखवत होता.

गुण वाढले का, हे सगळे विचारतात. या सेमिस्टरला थोडे वाढले. पण एक विद्यार्थिनी आणि एक सेमिस्टर यावरून निष्कर्ष काढला तर मला माझ्याच विभागातून हाकलतील. मोठ्या पाहणीतला आकडा हवा असेल तर २०२३ चा घ्या: तीन विद्यापीठांतले पहिल्या वर्षाचे ६३४ विद्यार्थी, सगळ्यांच्या मनगटावर बँड. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या काळात रात्रीची सरासरी झोप एका तासाने कमी असेल तर शेवटचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, चारच्या मापावर ०.०७ ने कमी. आधीच्या सेमिस्टरचे गुण हिशेबात धरूनही हे नातं टिकलं, आणि सहा तासांखालच्या लोकांचं नुकसान जास्त होतं. आकडा छोटा वाटतो. स्कॉलरशिपच्या रेषेवर उभ्या असलेल्याला वाटणार नाही. तरीही हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. घरची काळजी, नोकरी करत शिकणं, खोलीतला गोंगाट या गोष्टी झोपही खातात आणि गुणही, आणि त्यांना बँडमध्ये कप्पा नाही.

आणखी एका गोष्टीला कप्पा नाही: वेळापत्रक. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात वाय-फायच्या नोंदींवरून बघितलं तेव्हा सकाळी आठच्या लेक्चरची हजेरी नंतरच्या लेक्चरपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी निघाली. आणि जे जायचे ते जवळपास तासभर कमी झोपून जायचे, कारण उठायची वेळ अलीकडे आली तरी झोपायची येत नव्हती. अ‍ॅप यावर मला श्वासाचे व्यायाम सुचवतं. ते विभागप्रमुखांना सुचवता आले असते तर स्कोरला एक तारा दिला असता.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्यांना आडवं झाल्यावर तासन्‌तास झोप लागत नाही, त्यांनी मुळीच नाही. त्यांना हा आणखी एक परीक्षक होईल. आठवड्यानुआठवडे तसंच चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं खोलीतलं कुणी सांगत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. नुसता अंदाज हवा असेल तर १९८९ ची पिट्सबर्ग झोप-प्रश्नावली आहे, १९ प्रश्न, पाचच्या वर गुण आले तर झोप बिघडलेली समजतात. या एकाच परीक्षेत कमी गुण चांगले. आणि वेळाच नोंदवायच्या असतील तर वहीचं शेवटचं पान आणि पेन पुरतं. फक्त ते पान सकाळी थरथरून उठवत नाही.

महिन्याची वर्गणी मी बंद केली. त्यामुळे गाढ झोपेचे निळे पट्टे, ‘आजची तयारी’ आणि श्वासाचे व्यायाम गेले; स्कोर दुर्दैवाने फुकटातच मिळतो, म्हणून त्याचं नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागलं. अलार्म आणि सीएसव्ही दोन्ही विनावर्गणी चालतात.